वाचनमात्र सभासद आणि सहभागाचे गणित : एक चिकित्सा

प्रस्तावना

आंतरजालावरील लहान समूहांच्या अभ्यासात प्रामुख्याने लिहिणाऱ्यांची नोंद होते. लिहिलेला मजकूर मागे उरतो, म्हणून तो मोजता येतो. वाचन मागे काही ठेवत नाही. समूहात असून न लिहिणाऱ्या सभासदास इंग्रजीत 'लर्कर' असे संबोधले जाते. या शब्दाला दबा धरून बसण्याची छटा आहे. मराठी संकेतस्थळांवर मात्र 'वाचनमात्र' हा सौम्य शब्द वापरात आला, तर १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'मायबोली'वर 'रोमात असणे' हा वाक्प्रयोग रूढ झाला. या मूक सभासदाविषयीच्या प्रमुख मांडण्यांची चिकित्सा करणे आणि मराठी संदर्भात त्या कितपत लागू पडतात हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रमाणाचा नियम आणि त्याच्या मर्यादा

जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ९०-९-१ हा नियम सर्वपरिचित आहे. त्यानुसार ९० टक्के सभासद केवळ वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि उर्वरित १ टक्का बहुतांश मजकूर निर्माण करतो. मोठ्या संकेतस्थळांचे स्थूल वर्णन म्हणून हा नियम उपयुक्त आहे. तथापि चाळीस सभासदांच्या समूहात १ टक्का म्हणजे अर्धी व्यक्तीही होत नाही. लहान समूहास हा नियम लावणे गणितीदृष्ट्याच अडचणीचे ठरते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. ब्लेअर नोनेके आणि जेनी प्रीस यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आरोग्यविषयक चर्चागटांत मूक सभासदांचे सरासरी प्रमाण सुमारे ४६ टक्के, तर सॉफ्टवेअर-साहाय्याच्या गटांत सुमारे ८२ टक्के आढळले. आजारी माणूस सोबत शोधत येतो, तंत्रज्ञ उत्तर शोधत येतो. उत्तर मिळाले की तंत्रज्ञाचे काम संपते. म्हणजेच मौनाचे प्रमाण समूहाच्या प्रयोजनानुसार बदलते. मात्र या प्रकारच्या मोजणीतही एक त्रुटी संभवते. सभासदसंख्येतून लिहिणारे वजा केले असता जे उरतात, त्यांत रोज मनःपूर्वक वाचणारा आणि नोंदणी करून कधीही न फिरकलेला, हे दोघेही एकाच रकान्यात पडतात. उपस्थित आणि अनुपस्थित यांच्यातील भेद त्यात पुसला जातो.

फुकटेपणाचा आक्षेप

पीटर कोलॉक आणि मार्क स्मिथ यांनी १९९६ मध्ये युजनेटचा विचार करताना अशा सभासदांना सामाईक संपत्तीचा फुकट लाभ घेणाऱ्यांच्या गटात बसविले. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. लहान समूहात चार-पाच लिहिणारे थकले तर समूहच थंडावतो. परंतु सामाईक कुरणातील गवत चरल्याने संपते, तसा मजकूर वाचल्याने संपत नाही. उलट सर्वच सभासद प्रत्येक विषयावर लिहू लागल्यास वाचकाचे लक्ष, हीच दुर्मीळ वस्तू, आधी संपुष्टात येईल. प्रीस, नोनेके आणि अँड्र्यूज यांच्या २००४ मधील अभ्यासात न लिहिण्याच्या पाच प्रमुख कारणांपैकी एक कारण असे होते की, आपण न लिहिल्याने समूहास मदतच होते असे संबंधितांना वाटत होते.

मराठी परंपरेस ही भूमिका परकी नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे. तेथे श्रोता हा निरूपणाचा भागीदार आहे. केट क्रॉफर्ड यांनी २००९ मध्ये मूक सहभागाला 'ऐकणे' म्हणावे असे सुचविले, तेव्हा त्यांचा रोख याच दिशेने होता.

मौनाची विषमता

तथापि मौनाचा असा गौरव करून थांबणे धोक्याचे आहे. प्रत्येक मौन हे अवधान नसते. उपरोक्त पाच कारणांत तंत्र न जमणे आणि समूहाचे वागणे न रुचणे ही कारणेही आहेत. २००० च्या दशकात अनेक मराठी वाचकांपुढे देवनागरी टंकलेखनाचीच अडचण होती. ती पुढे बऱ्याच अंशी दूर झाली. प्रमाणभाषेचा दबाव मात्र तसा दूर झाला नाही. एखाद्याच्या पहिल्याच लेखनास आशयाऐवजी ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्यांनी उत्तर मिळाले, तर वऱ्हाडी वा अहिराणी बोलणारा वाचक पुन्हा वाचनमात्र होणे स्वाभाविक आहे. 'मायबोली'वर स्त्रियांसाठी 'संयुक्ता' हा स्वतंत्र गट निर्माण झाला, यावरूनही हेच सूचित होते की, कोण बोलते हे बऱ्याच अंशी कोण ऐकते यावर अवलंबून असते.

येथे जीन लेव्ह आणि एटिन वेंगर यांची १९९१ मधील परिघीय सहभागाची संकल्पना साहाय्यक ठरते. लायबेरियातील शिंप्यांकडे शिकणारा उमेदवार आरंभी काज-बटणांसारखी काठावरची कामे करीत, पाहत-पाहत धंदा शिकतो. त्याचे काठावर असणे वैध ठरते, कारण आत येण्याची वाट त्याच्यासाठी खुली असते. हाच निकष लहान आंतरजालीय समूहास लावता येतो. किती सभासद मूक आहेत, यापेक्षा मूक सभासदाने बोलावयाचे ठरविल्यास त्याची वाट मोकळी आहे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

निष्कर्ष

या विवेचनाचा संबंध अध्यापनाशीही पोहोचतो. २०२०-२१ मधील टाळेबंदीच्या काळात ऑनलाईन वर्गांत कॅमेरा व ध्वनी बंद ठेवलेले विद्यार्थी हा सार्वत्रिक अनुभव होता. त्यांत टिपणे काढणारा, घरातील एकमेव फोन भावंडांत वाटून घेणारा आणि केवळ हजेरी लावून निघून गेलेला, असे तिन्ही विद्यार्थी पडद्यावर सारखेच दिसत. दृश्य प्रतिसादालाच सहभाग मानून गुण दिल्यास पहिल्या दोघांवर अन्याय होतो. सर्वच मौनाला अवधान मानल्यास दुसऱ्याची अडचण आणि तिसऱ्याची अनुपस्थिती, दोन्ही झाकली जातात. म्हणून मौनाची संख्या मोजण्याआधी त्याची कारणे विचारणे, आणि बोलू इच्छिणाऱ्याच्या पहिल्या वाक्याला समूह कसा प्रतिसाद देतो हे तपासणे, या दोन गोष्टींना अभ्यासात व अध्यापनात अग्रक्रम मिळावयास हवा.