पाळीव प्राण्यांतील जठर-जिवाणू आणि ‘संवेदनशील’ हा शेरा

कुत्र्या-मांजरांच्या जठरातील जिवाणूंची प्रतिजैविक-संवेदनशीलता अभ्यासण्यास परळइतके अनुकूल स्थान क्वचितच असेल. १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय, बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय, के.ई.एम. आणि हाफकिन संस्था या एकाच परिसरात आहेत. प्रश्न साधनांचा नसून अशा अभ्यासांच्या रूढ आराखड्याचा आहे.

जठरातील नमुना साध्या आगरवर पसरायचा, रात्रभर उबवायचा, प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवायच्या आणि प्रतिबंध-क्षेत्राचा व्यास मिलिमीटरमध्ये नोंदवायचा. कोष्टक नीटनेटके होते. परंतु त्यातला जिवाणू कोणता?

बिझ्झोझेरो यांनी १८९३ साली कुत्र्याच्या जठरात सर्पिल जिवाणूंचे वर्णन केले. आज ‘हेलिकोबॅक्टर’ गणात मोडणाऱ्या या प्रजातींना अल्प ऑक्सिजन, ओलावा, रक्त वा रक्तरसयुक्त माध्यम आणि कित्येक दिवसांची उबवण लागते. मोकळ्या हवेत एका रात्रीत जे वाढते ते बहुधा तोंडातून वा अन्नातून आलेले ई. कोलाय किंवा स्टॅफिलोकॉकस असते. ही माहिती निरुपयोगी नाही. मात्र ती जठराच्या रहिवाशाची नसून वाटसरूची आहे, आणि शीर्षकात तसे म्हटलेले नसते!

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ‘संवेदनशील’ ठरविण्यास सीमामूल्य लागते. मानवी हे. पायलोरीसाठी क्लॅरिथ्रोमायसिनचे ते ठरलेले आहे: मि.लि.मागे ०.२५ मायक्रोग्रॅमपर्यंत संवेदनशील, १ वा अधिक असल्यास प्रतिरोधक. हे. फेलिस वा हे. बिझ्झोझेरोनी यांसाठी असे सर्वमान्य मूल्य नाही. म्हणून बेल्जियमच्या गेन्ट येथील संशोधकांनी २००५ साली केले त्याप्रमाणे किमान प्रतिबंधक संहतीच छापणे प्रामाणिकपणाचे होय. शिवाय हे जिवाणू जठरग्रंथींत खोलवर दडतात. उपचारानंतर ते पुन्हा आढळल्याच्या नोंदी आहेत, आणि निरोगी कुत्र्यांतही ते सर्रास असतात.

असा शेरा छापील पानावरच थांबत नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन ही माणसाच्या जठरव्रणावरचीच औषधे. लालबागच्या चाळीतील एका खोलीत कुत्रा आणि कुटुंब एकत्र राहतात. कोष्टकाच्या भरवशावर कुत्र्याला अनावश्यक दिलेल्या औषधाने त्याच्या आतड्यात निवडले गेलेले प्रतिरोधक जिवाणू त्या खोलीतल्या माणसांपर्यंत पोहोचू शकतात. तेव्हा परीक्षकांनी अशा लेखाकडे निदान उबवणीचा वायू, तिचा कालावधी आणि जनुकीय पद्धतीने केलेली प्रजाती-निश्चिती मागावी. ती नसल्यास ‘हेलिकोबॅक्टर’ हा शब्द शीर्षकातून काढण्यास सांगावे.