रंग पुसण्यापूर्वी

आमच्या परभणी जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांतून स्नानसंस्कार, प्रथम कम्युनियन व विवाह यांचे जे आल्बम पाहावयास मिळतात, त्यांत कृष्णधवल छायाचित्रांची हौस वाढलेली दिसते. ही हौस कलादृष्टीतून आली की केवळ सोयीतून, हे तपासून पाहिले पाहिजे.

ख्रिस्तमंदिरात खिडकीचा उजेड निळसर, साध्या बल्बचा पिवळा, तर ट्यूबलाइटचा पुष्कळदा हिरवट असतो. आपला डोळा हा भेद सावरून घेतो. कॅमेरा मात्र तिन्ही छटा एकाच चेहऱ्यावर उमटवतो. संपादन करताना एक छटा सुधारावी तर दुसरी बिघडते. शेवटी कंटाळून सगळा रंगच पुसला जातो. दोष झाकला जातो. पण त्याला निवड म्हणता येणार नाही.

निवड कशी असते, हे सुधारक ओलवे यांच्या कामात दिसते. २०१६ साली पद्मश्रीने गौरविलेल्या या छायाचित्रकाराने मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन कृष्णधवलात टिपले. कचऱ्याच्या ढिगात प्लास्टिकचे भडक रंग असतात. ते राहिले असते तर नजर प्रथम त्यांच्याकडे गेली असती. येथे ती माणसाकडे जाते. शिवाय अंगावरचा चिखल आणि त्याखालची कातडी एकाच काळसर छटेत मिसळतात, आणि समाजाने या माणसाला कोठे लोटले आहे हे पाहणाऱ्याला टाळता येत नाही. रंग गेला, पण सत्य अधिक उघडे झाले.

उपासनेच्या चित्रांत याच्या उलट घडते. प्रायश्चित्तकाळातील जांभळा, उत्तम शुक्रवारचा तांबडा, पास्काचा शुभ्र आणि सामान्य काळातील हिरवा हे रंग ख्रिस्तसभेची भाषाच होत. कृष्णधवलात तांबडा व हिरवा पुष्कळदा एकाच करड्या छटेचे दिसतात. मग पन्नास वर्षांनी आल्बम उघडणाऱ्या नातवंडांना तो दिवस शोकाचा होता की सणाचा, हे याजकाच्या वस्त्रांवरून कसे कळावे?

म्हणून आम्ही एवढेच सुचवू : चित्राचा अर्थ चेहऱ्यात व छायाप्रकाशात असेल, तर रंग खुशाल काढावा. तो अर्थ वस्त्रात, वेदीवरील फुलांत वा नवरीच्या साडीत असेल, तर छटा सुधारण्याचे कष्ट घ्यावेत. आणि मूळ रंगीत प्रत कोणत्याही परिस्थितीत जपून ठेवावी. पुसलेला रंग मागाहून भरता येतो, पण तो त्या दिवसाचा नसतो.