'हे कोण म्हणतं?': जनरल बर्गॉइनचं पुस्तक कसं वाचावं

माझ्या आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: लंडनमधल्या कुणीतरी आदेश पाठवायला विसरल्यामुळे जनरल बर्गॉइन हरला. मार्गदर्शकांनी शेजारी पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'हे कोण म्हणतं?' शोधत मागे गेले, तर ते बर्नार्ड शॉच्या १८९७ सालच्या 'द डेव्हिल्स डिसायपल' नाटकातलं एक पात्र म्हणत होतं! लाज वाटली, पण धडा मिळाला.

जॉन बर्गॉइन (१७२२–१७९२) हा ब्रिटिश सेनापती, खासदार आणि स्वतःही नाटककार. त्याची 'द एअरेस' (१७८६) ही सुखात्मिका चांगली गाजली. पण त्याचं नाव चिकटलं ते साराटोगाला. कॅनडातून आल्बनीकडे निघालेलं सैन्य घेऊन १७ ऑक्टोबर १७७७ रोजी तो अमेरिकनांना शरण गेला. न्यूयॉर्ककडून मदत अपेक्षित होती, पण जनरल हाऊ फिलाडेल्फियाच्या मोहिमेवर गेला होता.

संसदेतली चौकशी १७७९ मध्ये निकालाविनाच संपली. मग १७८० मध्ये बर्गॉइनने आपली बाजू छापली: 'अ स्टेट ऑफ द एक्स्पिडिशन फ्रॉम कॅनडा'. आपल्याला वाचायचंय ते हे पुस्तक.

'नाटककारच तो, रंगवून सांगणार' म्हणून ते बाजूला सारू नका. तो आळस झाला. पुस्तकात अधिकाऱ्यांच्या साक्षी प्रश्नोत्तरांसकट आहेत. रसद, गाड्या-घोडे, तोफा यांची इतकी सविस्तर माहिती एकत्र सहसा मिळत नाही. पण साक्षीदार बहुतेक त्याच्याच मोहिमेतले, आणि मांडणी करणारा स्वतःच आरोपी. हे विसरलात की फसलात.

त्याचा मुख्य दावा असा: आल्बनी गाठण्याचा आदेश बंधनकारक होता, मला पर्याय नव्हता. आता त्याच पुस्तकाची परिशिष्टं उघडा. तिथे मंत्री जर्मेनचं २६ मार्च १७७७ चं पत्र आहे. त्यात हाऊशी जाऊन मिळण्यावर भर आहेच. पण हाऊचे आदेश येईपर्यंत परिस्थिती पाहून वागावं, अशी मुभाही आहे. ही मुभा किती मोठी, यावर वाद घालता येतो. मात्र 'पर्यायच नव्हता' हे विधान मला त्यानंतर टिकत नाही असं वाटतं. त्याच्या विरुद्धचा पुरावा त्यानेच छापून ठेवलाय.

म्हणून सांगते, प्रस्तावना वाचून पुस्तक मिटू नका. परिशिष्टापर्यंत जा. आणि प्रत्येक वाक्याशेजारी, दुसऱ्या कुणी लिहिण्याआधी, तुम्हीच पेन्सिलीने लिहा: हे कोण म्हणतं?