कावसजीचं मेणाचं नाक

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात एका मराठा माणसाचा चेहरा छापून आला. नाव कावसजी. इंग्रज फौजेत तो बैल हाकायचा. १७९२च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला; तिथे नाक गेलं, एक हातही गेला. वर्षाहून अधिक काळ तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याला नवं नाक लावून दिलं. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना रंगवणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीलाही रंगवलं, आणि त्या चित्रावरून हा छापा कोरला गेला.

छापा पाहताना नजर नाकावर जाते आणि कपाळावर अडते. नाकासाठी कातडी घेतली ती जागा चित्रकाराने झाकलेली नाही. शिवाय सोबत मेणाच्या पातळ तुकड्याच्या आकृत्या आहेत. वीटकऱ्याने नाकाच्या खुंटावर मेण बसवून हवा तसा आकार घडवला. मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ मारली आणि तेवढीच कातडी सोडवली. दोन भुवयांमधला देठ मात्र राखला, रक्त चालू राहावं म्हणून. टाका एकही नाही! पाण्यात कालवलेला कात कापडाला फासून सगळं चिकटवलं. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापला. मला या छाप्यात नाकापेक्षा मेण जास्त आवडतं. जे नाक अजून व्हायचं होतं, ते आधीच हातात धरून पाहता आलं.

आज घोडेगावहून मंचरमार्गे पुणे गाठणाऱ्या, खालचा जबडा पुढे आलेल्या एखाद्या मुलीला जबड्याच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर स्क्रीनवर दाखवतात तेही मेणच. जबड्याचा स्कॅन घ्यायचा, त्यावर दातांचा स्कॅन बसवायचा, हाड संगणकातच कापून मागेपुढे सरकवायचं आणि उद्याचा चेहरा पाहायचा. हाडाचा हिशेब मिलिमीटरमध्ये मांडता येतो. गोची होते ती वरच्या मांसाची. हनुवटीवरचं मांस हाडाबरोबर जवळजवळ तेवढंच सरकतं, वरचा ओठ बराच कमी. खालचा ओठ मात्र दातांवर टेकलेला आणि स्नायूंच्या मर्जीतला, त्यामुळे तिथेच अंदाज हमखास डळमळतो. काप बहुधा तोंडाच्या आतून घेतात, म्हणून चेहऱ्यावर व्रण राहत नाही, ही मोठी सोय. पण सूज पुरती उतरायला कित्येक महिने लागतात, आणि स्क्रीनवरच्या चेहऱ्याला सूज कधीच नसते. तो चेहरा हसतही नाही.

देखणेपणात स्क्रीन जिंकते. खरेपणात मी कावसजीच्या छाप्याला वर ठेवीन. तिथे मेण, माणूस आणि कपाळावरची खूण एकाच पानावर आहेत. म्हणून स्क्रीनसमोर बसाल, तेव्हा डॉक्टरांना एवढं विचाराच: आधीच्या एखाद्या पेशंटचं असं अंदाजाचं चित्र आणि त्याचाच वर्षभरानंतरचा फोटो, नाव झाकून का होईना, शेजारी-शेजारी दाखवता का? दाखवलं, तर आधी खालचा ओठ पाहा.