रॉय डीकरावा ह्यांची छायाचित्रे आणि 'दस्तऐवज' ही संज्ञा

रॉय डीकरावा (१९१९–२००९) ह्यांचा उल्लेख 'कृष्णवर्णीयांच्या जीवनाचे आयुष्यभर दस्तऐवजीकरण करणारा छायाचित्रकार' असा हमखास केला जातो. वर्णन गौरवाचे आहे. पण डीकरावांनी ते कारकिर्दीच्या आरंभीच नाकारले होते. गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन छायाचित्रकार. १९५२ साली मिळालेल्या ह्या शिष्यवृत्तीच्या अर्जात त्यांनी आपल्या जन्मग्रामाची, म्हणजे न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीची, छायाचित्रे घेण्याचा संकल्प मांडला आणि त्याचबरोबर आपल्याला दस्तऐवजी किंवा समाजशास्त्रीय विधान करायचे नसून सर्जनशील अभिव्यक्ती साधायची आहे, असेही स्पष्ट केले. अशा अर्जात माणूस सहसा देणाऱ्याला रुचेल तेच लिहितो. त्या काळात गरीब वस्तीच्या छायाचित्रांना 'सामाजिक दस्तऐवज' म्हणूनच प्रतिष्ठा होती, हे लक्षात घेता हा नकार सहज केलेला नाही.

ह्या नकारातून डीकरावा शुद्ध कलावादाकडे झुकतात असे मात्र समजू नये. त्याच अर्जात त्यांनी असाही दावा केला की, कृष्णवर्णीयांच्या जीवनाची खोल समज कृष्णवर्णीय छायाचित्रकारच व्यक्त करू शकेल. कलेची स्वायत्तता आणि समूहाच्या अनुभवाची मालकी हे दोन्ही दावे ते एका दमात करतात. आपल्याकडील लौकिकतावाद-अलौकिकतावादाच्या चौकटीत हे दोन दावे परस्परांना छेद देणारे ठरतील. डीकरावांच्या छायाचित्रांत ते एकत्र कसे नांदतात, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर काळ्या रंगाच्या हाताळणीत शोधावे लागते. डीकरावा चित्रकला आणि रेशीमपडदा-मुद्रण ह्या मार्गाने छायाचित्रणाकडे आले. फ्लॅश न वापरता, आहे त्या उजेडात छायाचित्र घ्यायचे आणि छाप काढताना ते गडद ठेवायचे, ही त्यांची रीत होती. 'हॉलवे' (१९५३) ह्या छायाचित्रात एका इमारतीतील अरुंद बोळ आहे. माणूस एकही नाही. भिंतींवर मंद उजेडाची पुसट लकाकी आहे आणि बाकी सर्व अंधाराच्या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. प्रथमदर्शनी सपाट काळा वाटणारा भाग डोळा स्थिरावला की करड्या छटांत उलगडू लागतो. डोळा स्थिरावायला लागणारा हा वेळ ह्या छायाचित्राच्या आशयाचाच भाग आहे. असे बोळ डीकरावांच्या बालपणीच्या वास्तव्यातले. गरिबांसाठी बांधताना जागेतही केलेली काटकसर त्यांत दिसते. पण ती माहिती म्हणून पुढे येत नाही. प्रेक्षकाला त्या बोळात उभे राहावे लागते.

गॉर्डन पार्क्स ह्यांच्या 'अमेरिकन गॉथिक' (१९४२) शी तुलना केली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीत सफाईचे काम करणारी एला वॉटसन राष्ट्रध्वजासमोर झाडू घेऊन उभी आहे. विधान तत्काळ पोचते आणि पोचावे अशीच रचना आहे. पार्क्स ह्यांचे छायाचित्र अन्याय करणाऱ्याला उद्देशून आहे, त्यामुळे त्याला संदिग्ध राहणे परवडणारे नव्हते. डीकरावांचे छायाचित्र कोणालाच साक्ष देत नाही. एकाला श्रेष्ठ आणि दुसऱ्याला प्रचारकी ठरवण्याचे येथे कारण नाही. दोहोंचा अभिप्रेत वाचक वेगळा आहे, एवढेच.

'मिसिसिपी फ्रीडम मार्चर' (१९६३) मध्ये ही दृष्टी प्रत्यक्ष इतिहासाला सामोरी जाते. प्रसंग वॉशिंग्टनवरील महामोर्चाचा. डीकरावा एका तरुणीचा चेहरा जवळून टिपतात. व्यासपीठ नाही, जनसागराचे विहंगम दृश्य नाही. शीर्षक झाकले तर घटना कोणती हे सांगता येणार नाही. इतिहास घटनेत असतो की ती घडत असताना एखाद्या चेहऱ्यावर उमटणाऱ्या जाणिवेत, असा प्रश्न हे छायाचित्र उभा करते, आणि त्याचा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

ह्या भूमिकेतील अडचण 'डान्सर्स' (१९५६) मध्ये जाणवते. हार्लेममधील एका नाचाच्या कार्यक्रमात दोन पुरुष नाचत आहेत. त्यांच्या अंगविक्षेपांत गोऱ्यांच्या करमणुकीसाठी घडवलेल्या काळ्या विदूषकाची आठवण आहे आणि नर्तकाची अस्सल निर्मितीही. ह्या छायाचित्राविषयी डीकरावांच्या स्वतःच्या मनात द्विधा होती व ती त्यांनी बोलूनही दाखवली. आतल्या माणसाची नजर निर्मळच असते, ह्या समजुतीला येथे तडा जातो. पाहणारा आपला असला तरी पाहिले जाणारे शरीर परक्या नजरेच्या इतिहासातून गेलेले असते. माझ्या मते हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे छायाचित्र आहे.

१९६९ साली मेट्रोपॉलिटन म्युझियमने 'हार्लेम ऑन माय माइंड' हे प्रदर्शन भरवले. त्यात हार्लेमच्या चित्रकार-शिल्पकारांच्या कृतींना स्थान नव्हते. छायाचित्रे मात्र विपुल होती. कृष्णवर्णीय समाज कलेचा विषय होऊ शकतो, कर्ता नव्हे, असा त्याचा अर्थ झाला. डीकरावांनी प्रदर्शनात सहभाग नाकारला आणि जाहीर विरोध केला. मराठी अभ्यासकाला ह्या वादातील सूर ओळखीचा वाटेल. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. पण 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) ह्यांसारख्या आत्मकथनांना आपल्या समीक्षेने वारंवार 'समाजाचा दस्तऐवज' म्हणून दाद दिली. त्या दादीत त्यांच्या भाषेचा, निवेदनाचा, वगळलेल्या मजकुराचा विचार पुढे ढकलला गेला. दस्तऐवज म्हणणे ही अनेकदा न वाचण्याची सभ्य रीत असते.

साहित्याच्या अभ्यासकांना डीकरावांचे नाव बहुधा 'द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ' (१९५५) मुळे माहीत असते. छायाचित्रे डीकरावांची, संहिता लँग्स्टन ह्यूज ह्यांची. निवेदक सिस्टर मेरी ब्रॅडली ही वृद्ध आजी. देवाघरून आलेली बोलावण्याची तार ती नाकारते, कारण नातवंडांचे काय होते ते तिला अजून पाहायचे आहे. मुखपृष्ठावरच सुरू होणारे हे निवेदन बोलीचे, खेळकर आणि मायेचे आहे. परस्परांशी नाते नसलेल्या माणसांची छायाचित्रे ह्यूज एका कुटुंबात गुंफतात. पुस्तकाला यश मिळाले ते ह्या आवाजामुळे. पण तोच आवाज छायाचित्रांतील मौन भरूनही काढतो. जिथे प्रतिमा थांबायला लावते तिथे आजी पुढचा किस्सा सांगू लागते. पुढे 'द साउंड आय सॉ' ह्या जॅझविषयक ग्रंथाची संहिता डीकरावांनी स्वतःच लिहिली. ती त्रुटित, काव्यात्म आहे आणि प्रतिमेचा अर्थ सांगत नाही. साठच्या दशकात सिद्ध झालेला हा ग्रंथ प्रसिद्ध झाला २००१ साली.

आता एक आक्षेप, आणि तो मला सहज दूर करता येत नाही. डीकरावांच्या शीर्षकांत कोल्ट्रेन आणि बिली हॉलिडे नावानिशी येतात. बाकीचे अनेक जण 'डान्सर्स', 'जिना चढणारा माणूस', 'मोर्चेकरी' एवढेच राहतात. ज्या समाजाच्या पूर्वजांची नावे गुलामांच्या विक्रीच्या नोंदींत पुसली गेली, त्याच्या इतिहासाला नाव ही किरकोळ बाब नव्हे. पार्क्स ह्यांच्या दस्तऐवजात एला वॉटसन हे नाव टिकले. 'फ्लायपेपर'च्या शेवटी ठेवणीतले कपडे घालून एक वृद्धा उभी आहे. शेजारच्या संहितेत ती आपण हजर असल्याचे सांगते. तिला तिथे नाव आहे, मेरी ब्रॅडली; आणि ते तिचे नाही.