'डार्क फिनिक्स' : चित्रकथेचे चित्रपटीय माध्यमांतर आणि अपराधाचा प्रश्न

चित्रकथेवरून चित्रपट तयार होताना काय गाळले गेले, याची यादी करणे हे समीक्षेतील सर्वांत सोपे काम होय. सुपरहिरोंच्या चित्रपटांविषयीची बरीचशी चर्चा या यादीपाशीच थांबते. अमुक पात्र दिसले नाही, तमुक पोशाख बदलला, एवढ्यावर वाचक-प्रेक्षकांचे समाधान होते. प्रस्तुत लेखात प्रश्न वेगळा आहे. मूळ कथानक ज्या नैतिक पेचावर उभे असते, तो पेच पडद्यावर शिल्लक राहतो काय? या दृष्टीने मार्व्हलच्या 'एक्स-मेन' मालिकेतील 'डार्क फिनिक्स' हे कथानक विशेष अभ्यसनीय ठरते. २००६ मध्ये 'एक्स-मेन : द लास्ट स्टँड' आणि २०१९ मध्ये 'डार्क फिनिक्स' असे ते दोनदा पडद्यावर आले. दोन्ही पटकथांशी सायमन किनबर्ग यांचे नाव निगडित आहे. पहिली त्यांनी झॅक पेन यांच्यासह लिहिली, तर दुसऱ्या चित्रपटाचे लेखन व दिग्दर्शन दोन्ही त्यांचेच होते.

लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांचे हे कथानक १९८० मध्ये मालिकेच्या १२९ ते १३८ या अंकांतून प्रसिद्ध झाले. त्याची बीजे मात्र १९७६ मध्येच पेरली गेली होती. त्या वर्षी जीन ग्रे ही नायिका 'फिनिक्स' या वैश्विक शक्तीच्या रूपात प्रथम अवतरली. म्हणजे तिचे स्खलन वाचकांनी जवळजवळ चार वर्षे अंकाअंकातून पाहिले. दीड-दोन तासांच्या चित्रपटाला ही कालावधीची श्रीमंती लाभत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

खरा मुद्दा अपराधाचा आहे. अंक १३५ मध्ये जीन आपली भूक शमविण्यासाठी एका दूरस्थ ताऱ्याची ऊर्जा गिळंकृत करते. त्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावरील 'डबारी' नावाची सुमारे पाच अब्जांची लोकवस्ती त्यात नष्ट होते. लोकप्रिय चित्रकथेच्या नायिकेकडून घडलेला हा नरसंहार होय. मास्टरमाइंड या खलपात्राने तिच्या मनाशी केलेला खेळ तिच्या पतनाला कारणीभूत असला, तरी हे कृत्य तिच्या हातून घडले हे कथानक कोठेही नाकारत नाही.

त्यानंतर येतो तो अंक १३७. शिआर साम्राज्य जीनच्या मृत्यूची मागणी करते, आणि प्राध्यापक झेविअर तिच्या वतीने द्वंद्वाचे आव्हान देतात. लढाई चंद्रावर व्हायची असते. तत्पूर्वीच्या काही तासांत समूहातील सदस्य आपापल्या मनाशी वाद घालताना दाखविले आहेत. जिच्यासाठी लढायचे ती मैत्रीण आहे, आणि तिने अब्जावधींचा संहारही केला आहे. आमच्या मते संपूर्ण कथानकाचे मर्म या पानांत आहे. 'समूह' या संकल्पनेला येथे अर्थ प्राप्त होतो. एकत्र राहणे, एकत्र लढणे हे सोपे असते; आपल्यातील एकाने अक्षम्य गुन्हा केल्यावर त्याच्या बाजूने उभे राहावे काय, हे ठरविणे कठीण असते. सदस्य लढण्याचे ठरवितात, परंतु अखेरीस निवाडा जीन स्वतः करते. शक्ती पुन्हा अनावर होत असल्याचे जाणवताच ती आपले जीवन संपविते.

हा शेवट मुळात योजलेला नव्हता, हे येथे नोंदविले पाहिजे. जीनची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवावे, अशी कथाकारांची योजना होती. एवढ्या मोठ्या संहारानंतर ती शिक्षा अपुरी ठरते, असा आक्षेप मुख्य संपादक जिम शूटर यांनी घेतला आणि अखेरची पाने बदलली. मूळ शेवट १९८४ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. संपादकीय हस्तक्षेपाने कलाकृती उंचावल्याची अशी उदाहरणे थोडीच सापडतील.

२००६ च्या चित्रपटात डबारी नाहीत, शिआर नाहीत, चंद्रही नाही. जॉस व्हीडन व जॉन कॅसाडे यांच्या २००४ मधील चित्रकथेतून घेतलेला म्यूटंटांवरील 'उपचारा'चा धागा येथे मुख्य होतो आणि जीन दुय्यम ठरते. अधिक लक्षणीय बदल झेविअरविषयीचा आहे. चित्रकथेत ते जीनच्या मनावर बंधने घालतात ती संहारानंतर, उपाय म्हणून. चित्रपटात ती बंधने तिच्या बालपणापासूनची असून तीच अनर्थाचे मूळ ठरतात. अपराधाचे ओझे शिष्येकडून गुरूकडे सरकते. शेवटी वुल्व्हरिन तिला ठार मारतो. ती याचना करते, निर्णयाची कृती त्याची असते. नायिकेच्या शोकांतिकेचे रूपांतर तिच्यावर प्रेम करणाऱ्या पुरुषाच्या दुःखात होते.

२०१९ च्या चित्रपटात डबारी परततात, ही वरवर पाहता मूळकथेशी निष्ठा वाटते. प्रत्यक्षात मात्र बाजू पालटलेली आहे. त्यांचा ग्रह त्या वैश्विक शक्तीने जीनच्या शरीरात शिरण्यापूर्वीच नष्ट केलेला असतो, आणि वाचलेले डबारीच आता खलपात्रे आहेत. ज्यांच्या मृत्यूचा जाब मागायचा, त्यांनाच पृथ्वीचे शत्रू केल्यावर जाब मागणारे उरत नाही. जीनच्या हातून मिस्टिकचा मृत्यू होतो, त्यामुळे समूहात फूट पडते. पण तो प्रश्न सूडाचा होतो, न्यायाचा नव्हे. येथेही झेविअर यांनी तिच्या बालपणातील सत्य दडवून ठेवलेले आहे. शेवटचा निर्णय जीनला परत मिळतो, एवढे श्रेय या चित्रपटाला दिलेच पाहिजे. तथापि हा मृत्यू आत्मसमर्पणाचा आहे. चित्रकथेतील मृत्यूत प्रायश्चित्त होते.

माध्यमामुळे हे अपरिहार्य होते, असा बचाव टिकत नाही. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' या १९८१ च्या दोन अंकी कथानकात भूतकाळात जाणारी किटी प्राइड २०१४ च्या चित्रपटात वुल्व्हरिन होते, वर्षे व प्रसंग बदलतात. तरीही एक हत्या रोखल्याने भविष्य बदलेल काय, हा मध्यवर्ती प्रश्न तेथे शाबूत राहतो.

अर्थात अपराधापासून माघार घेण्याचा मान केवळ चित्रपटांकडे जात नाही. १९८६ मध्ये प्रकाशकांनीच जीनला परत आणले, आणि संहार करणारी फिनिक्स ही जीन नव्हतीच, तिचे रूप घेतलेली शक्ती होती, असा खुलासा चित्रकथेतून केला. पटकथाकारांच्या किती तरी आधी, अवघ्या सहा वर्षांत, कागदावरच नायिका निर्दोष ठरली होती.