सहापट लहान ड्युझेनबर्ग: मॉडेलमध्ये काय लहान होतं आणि काय होत नाही



आजची पोस्ट माझ्या विषयावरची नाही असं सुरुवातीला वाटेल. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझे आठ महिने एका छोट्या मॉडेलपायी वाया गेले. त्या काळात रात्री जेवण झालं की मी हाताने बनवलेल्या छोट्या गाड्यांचे व्हिडिओ बघत बसायचो. खेळण्यातल्या गाड्या नव्हेत. पितळेचा पत्रा ठोकून, लेथवर चाकं कातून, एकेक बोल्ट स्वतः बनवून उभ्या केलेल्या गाड्या. माझं मॉडेल का फसलं हे मला शेवटी या गाड्यांमुळेच समजलं. म्हणून ही पोस्ट म्हणजे या कारागिरीचं थोडंसं परीक्षण. कौतुक आहे, पण तक्रारही आहे.

आधी दोन माणसं सांगतो. ब्रिटनचे जेराल्ड विंग्रोव्ह हे पहिले. ते बहुतेक १:१५ या प्रमाणात जुन्या नामांकित गाड्या बनवत. 'द कम्प्लीट कार मॉडेलर' हे त्यांचं १९७८ चं पुस्तक या छंदातल्या लोकांना अजूनही जवळचं आहे. दुसरे अमेरिकेतले लुई चेनॉट. त्यांनी ड्युझेनबर्ग एसजे ही सुपरचार्जरवाली गाडी १:६ प्रमाणात बनवली. तिचं इंजिन खरोखर चालतं. सुटे भाग सहा हजारांच्या वर, आणि काम जवळपास दहा वर्षांचं. विंग्रोव्हच्या गाड्या चालत नाहीत. त्या फक्त दिसतात. पण अशा दिसतात की शेजारी आगपेटी ठेवल्याशिवाय फोटोतली गाडी छोटी आहे हे कळत नाही.

साहजिकच सगळ्यांना चेनॉटची गाडी मोठी वाटते. मलाही वाटली. पण ती कोणत्या अर्थाने मोठी, हा प्रश्न या लोकांवर लिहिणारे सहसा विचारत नाहीत. मी वाचलेल्या बहुतेक लेखांत तासांचा आणि भागांचा हिशेब असतो. इतके हजार भाग, इतके हजार तास. हे म्हणजे प्रबंधाची पानं मोजण्यासारखं झालं. चारशे पानांचा प्रबंध दोनशे पानांच्या प्रबंधापेक्षा चांगला असतो असं तुमचा गाइड तरी म्हणेल का?

त्यापेक्षा सरळ गणित करून बघू. मूळ ड्युझेनबर्गचं इंजिन ४२० घनइंचांचं, म्हणजे साधारण ६,८८० सीसी. एका ओळीत आठ सिलिंडर, दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. १९२८ साली ही रचना फारच पुढची होती. प्रत्येक लांबी सहाने भागली की आकारमान ६ × ६ × ६ म्हणजे २१६ ने भागलं जातं. उरतात सुमारे ३२ सीसी. लूनाच्या इंजिनापेक्षाही कमी, आणि ते आठ सिलिंडरमध्ये वाटलेले. म्हणजे एका सिलिंडरला चार सीसी. औषधाचा चमचासुद्धा पाच मिलीचा असतो.

पण पृष्ठफळ २१६ ने कमी होत नाही, ते ३६ ने होतं. मग प्रत्येक घनसेंटीमीटर वायूमागे सिलिंडरची भिंत सहापट जास्त येते. त्या भिंतीतून उष्णता बाहेर पळते. पेट्रोलचे थेंब लहान होत नाहीत. हवेची श्यानता लहान होत नाही. ठिणगी पडायला जे अंतर लागतं ते सहाने भागता येत नाही, कारण विजेला आपल्या प्रमाणाशी काही देणंघेणं नाही. थोडक्यात, छोटं इंजिन चालवायचं असेल तर आत कुठे ना कुठे मूळ गाडी सोडावी लागते. चालणारं मॉडेल ते चालतं म्हणून जास्त खरं, हा समज त्यामुळे तपासून घ्यायला हवा. बाहेरून ती ड्युझेनबर्ग असते, पण आतून ती ड्युझेनबर्गच्या आकाराचं दुसरंच यंत्र असते. आवाजाचंही तसंच. एक्झॉस्टचा पाइप सहापट आखूड झाला की त्यातला नाद सहापट उंच स्वरात जातो. डोळे मिटून ऐकलं तर मोठी गाडी समोर येत नाही.

याच्या उलट फ्रान्सच्या पिएर स्केरी यांचं बघा. त्यांनी फेरारी ३१२ पीबी ही शर्यतीची गाडी बारा सिलिंडरच्या चालत्या इंजिनासकट बनवली. प्रमाण मात्र १:३ धरलं. मूळ इंजिन तीन लिटरचं, त्याला २७ ने भागलं की ११० सीसी येतात. या आकाराला बराचसा भौतिकशास्त्राचा नियम सोबत येतो. पंधराएक वर्षं लागली त्यांना. प्रमाण निवडणं हाच अर्धा प्रयोग असतो, हे मला या दोन गाड्या शेजारी ठेवल्यावर जाणवलं.

आता विंग्रोव्हकडे येतो, कारण माझं मन तिथे जास्त रमतं. न चालणाऱ्या गाडीत प्रश्न संपतात असं नाही, ते वेगळे होतात. दाराचा पत्रा एक मिलीमीटर जाड असेल तर १:१५ मध्ये तो ०.०७ मिमी व्हायला हवा. तो पत्रा नाही, वर्खच. हात लावला की चुरगळणार. म्हणून मॉडेल बनवणारे जाड पत्रा घेतात आणि जिथे कड दिसते तेवढीच कानस मारून पातळ करतात. रंगाची गोष्ट तर आणखी गमतीची. गाडीवर रंगाचा थर साधारण ०.१ मिमीचा. तोच थर मॉडेलवर दिला तर मोठ्या गाडीच्या हिशेबाने तो दीड मिमी जाड होतो. दाराची फट खऱ्या गाडीत ४ मिमी, मॉडेलमध्ये ०.२७ मिमी. दोन्ही कडांना रंग लागला की त्यातली ०.२ मिमी गेली. फट जवळजवळ बुजली! म्हणजे फट बरोबर दिसायला हवी असेल तर धातूत ती चुकीची, जास्त रुंद कापावी लागते. हे ज्याला आधी सुचलं नाही त्याची गाडी शेवटच्या आठवड्यात बिघडते.

तारांच्या चाकाबद्दल थोडं जास्त लिहितो, वाचणाऱ्याने सहन करावं. रिम आणि हब लेथवर कातायचे. मग विभाजन चकतीवर बसवून समान कोनात भोकं पाडायची. साठ तारा असतील तर दर सहा अंशांना एक, आणि ड्रिल केसापेक्षा थोडंच जाड. मग रिम आणि हब एका साच्यात पक्के धरून एकेक तार ओवायची. खऱ्या चाकात तारा हबमधून सरळ बाहेर जात नाहीत, तिरप्या निघतात आणि एकमेकींना ओलांडतात. कारण इंजिनाचा पीळ रिमपर्यंत पोचवायचा असतो. मॉडेलच्या चाकाला कसलाच पीळ सोसायचा नाही. तरी तारा तिरप्याच हव्यात. सरळ लावल्या की बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चाक खोटं वाटतं. बल नाही, पण बलाची खूण आहे. एका स्थिर वस्तूत भौतिकशास्त्र इतकं सुंदर बसलेलं मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही.

इटलीतल्या तुरीनच्या पोचर कंपनीच्या १:८ किटमध्येही तारा हाताने ओवाव्या लागत. कित्येक हौशी लोक त्या किटमधले प्लास्टिकचे भाग काढून टाकून तेच पितळेत पुन्हा बनवतात. माझं याबद्दलचं मत जरा कडवट आहे. किटचं माप मुळात चुकलेलं असेल आणि मूळ गाडी न बघता तोच भाग धातूत उतरवला, तर चूक जास्त टिकाऊ झाली एवढंच. जुन्या शोधनिबंधातली आकडेवारी न तपासता नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरणं याहून वेगळं नाही. विंग्रोव्हच्या पद्धतीत कामाची सुरुवात खऱ्या गाडीचे फोटो आणि मापं घेण्यापासून होते, पत्रा कापण्यापासून नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. चांदीच्या सोल्डरला सहाशे-सातशे अंश तापमान लागतं, साध्या शिशाच्या सोल्डरला दोनशेच्या आसपास. एकाच भागावर पाच जोड द्यायचे असतील तर सगळ्यात जास्त तापमानाचा जोड आधी द्यायचा, नाहीतर पाचवा जोड देताना पहिला सुटतो. पत्रा ठोकून ठोकून कडक झाला की लाल करून पुन्हा मऊ करायचा. पुण्याच्या तांबट आळीत हे कुणालाही शिकवावं लागत नाही. हे सगळं लिहून ठेवणारं पुस्तक मला गाडीपेक्षा मोलाचं वाटतं. कारण दुसरा माणूस ते वाचून तसंच चाक करू शकतो. आपल्या भाषेत हे कार्यपद्धतीचं प्रकरण. चेनॉटची गाडी मी बघून थक्क होऊ शकतो, पण तिच्यात कुठे मूळ रचना सोडली आणि का सोडली, याची यादी मला मिळाली असती तर मी ती इंजिनाच्या व्हिडिओपेक्षा जास्त वेळा वाचली असती.

आता माझे आठ महिने. माझा विषय कणांचा प्रवाह. धान्याच्या सायलोतून दाणे कसे वाहतात हे बघायला मी सायलोचं १:२० मॉडेल बनवलं. ॲक्रिलिकचं, अगदी देखणं. उतार बरोबर, उंची बरोबर, खालचं तोंड ३० सेंमीचं १५ मिमी केलं. आणि आत भरली खरी ज्वारी. दर दोन-तीन मिनिटांनी तोंड तुंबायचं. मी घर्षण बदललं, आर्द्रता मोजली, कॅमेरा बदलला, तुंबण्यावर एक छोटं सादरीकरणसुद्धा केलं. शेवटी वर्कशॉपमधले मिस्त्रीकाका ते बघून म्हणाले, "सगळं बारीक केलंत साहेब, दाणा तेवढाच ठेवलात." ज्वारीचा दाणा चार मिमी. तोंडात चार दाणेही शेजारी शेजारी मावत नव्हते. तोंड दाण्याच्या पाचेक पटींहून लहान असलं की दाण्यांची कमान होऊन प्रवाह अडतो, हे मी स्वतः एम.एस्सी.च्या परीक्षेत लिहिलं होतं. दाणा म्हणजे माझ्या मॉडेलवरचा रंगाचा थर होता. तो लहान झालाच नव्हता.

मग मी तोंड मुद्दाम चुकीचं केलं, ३० मिमीचं. मॉडेल कुरूप झालं. गाइडनी विचारलं, "हे आता १:२० राहिलं का?" मी म्हटलं, "नाही सर, भिंती १:२०, तोंड १:१०, दाणा १:१." त्यांनी तसंच वहीत लिहायला सांगितलं, आणि प्रत्येक प्रमाणासमोर कारणही.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर या सुट्टीत एक करून बघा. तुम्ही ज्या मॉडेलवर काम करणार आहात, मग ते प्रयोगाचं असो की संगणकावरचं, त्यातल्या लहान न होणाऱ्या गोष्टी कागदावर लिहा. मला सात सापडल्या. त्यातल्या दोन अजून सुटलेल्या नाहीत, आणि त्यातली हवेची अडचण कशी मोजतोय ते पुढच्या पोस्टमध्ये लिहीन. आकडे येत आहेत, फक्त ज्वारीला कीड लागली म्हणून नवीन आणायची आहे.